चुकलेला रिपोर्ट आणि तळटीप

महोदय,

टपाल खात्यात मी सॉर्टिंगपासून सब-पोस्टमास्तरपर्यंत नोकरी केली. चुकीच्या दारी गेलेल्या पत्राचे काय करायचे, हे तिथे ठरलेले होते. पाकीट बंद असायचे. घरातले माणूस ‘हे आमचं नाही’ म्हणून पोस्टमनच्या हातात परत द्यायचे, पोस्टमन त्यावर शेरा मारायचा आणि खरा मालक सापडला नाही तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत जायचे. पाठवणाऱ्याचाही पत्ता नसला तरच ते रिटर्न्ड लेटर ऑफिसात उघडले जाई, तेही त्या कामासाठी नेमलेल्या माणसांकडून.

हे सांगतो आहे, कारण आता दुसऱ्यांचे टपाल माझ्या ई-मेलवर उघडेच येते. माझा मेलचा पत्ता म्हणजे नुसते नाव आणि आडनाव, पुढे आकडा नाही. आमच्या जिल्ह्यात हे नाव-आडनाव गल्लोगल्ली सापडेल. शिवाय जीमेल पत्त्यातले टिंब धरत नाही. कोणी काउंटरवर मधे टिंब टाकून पत्ता सांगितला, किंवा क्लार्ककडून शेवटचा आकडा लिहायचा राहिला, की मेल माझ्याकडे. विम्याचे हप्ते, शाळेची फी, असले काही आले तर मी पुसून टाकतो आणि विसरतो.

पण मध्यंतरी एका पॅथॉलॉजी लॅबकडून बायोप्सीचा रिपोर्ट आला. पेशंट एक बाई, वय पन्नाशीच्या आत. मेलचा पत्ता बहुधा त्यांच्या नवऱ्याचा किंवा मुलाचा असावा, माझ्याच नावाचा. पीडीएफला पासवर्ड नव्हता. काय आहे ते कळायच्या आत निदानाची ओळ डोळ्यांसमोर आली होती. त्या बाईंच्या घरच्यांना अजून ठाऊक नसेल अशी गोष्ट मला, एका परक्या माणसाला, आधी कळली. आणि या सगळ्याच्या खाली, बारीक करड्या अक्षरांत, इंग्रजीत सात-आठ ओळी: हा मजकूर गोपनीय आहे, आपण अपेक्षित व्यक्ती नसाल तर वाचू नये, प्रत काढू नये, पाठवणाऱ्यास ताबडतोब कळवून मेल नष्ट करावा.

मी ताबडतोब कळवले. माझे उत्तर न पोहोचता परत आले, कारण मेल ‘नो-रिप्लाय’, म्हणजे उत्तर न स्वीकारणाऱ्या, पत्त्यावरून होता. लेटरहेडवरच्या नंबरवर फोन लावला. ‘तुम्ही पेशंट आहात का? नाही ना? मग डिलीट करा,’ एवढे बोलून समोरच्याने फोन ठेवला. पेशंटला रिपोर्ट मिळाला की नाही, हे त्याने विचारलेही नाही. शेवटी रिपोर्टावर ज्या डॉक्टरांचे नाव होते त्यांच्या दवाखान्याचा नंबर शोधला. तिथल्या सिस्टरने नीट ऐकून घेतले, नाव लिहून घेतले आणि पेशंटला आजच कळवते म्हणाल्या. त्यांचे मी आभार मानतो. मात्र त्याच बाईंचा पुढचा रिपोर्ट पुन्हा माझ्याकडेच आला. लॅबने पत्ता दुरुस्त केलाच नव्हता.

‘वाचू नये’ ही सूचना वाचून झाल्यावर शेवटी भेटते, तिचा उपयोग काय? न मागता आलेल्या मेलखाली कोणी अट लिहिली म्हणून मी तिला बांधला जात नाही. १८७२ च्या करार कायद्यापासून कराराला दोन्ही बाजूंची संमती लागते. मी कोणाचा रिपोर्ट कोणाला दाखवणार नाही, पण ते त्या तळटिपेमुळे नव्हे. उलट पाठवणाऱ्यावर मात्र जबाबदारी येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती चुकून उघड होणे हासुद्धा भंगच धरला आहे. ज्याची माहिती फुटली त्याला कळवायचे आहे, डेटा संरक्षण मंडळालाही कळवायचे आहे. न कळवल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत, आणि माहितीची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू होतील. तोवर कोणी थांबू नये, कारण गेलेला मेल सहजी परत बोलावता येत नाही. व्हॉट्सअॅपवर चुकून गेलेला निरोप निदान दोन दिवस तरी मागे घेता येतो, जीमेलवर जेमतेम अर्धा मिनिट मिळते.

लॅबवाल्यांना, आणि असे कागद मेलवर पाठवणाऱ्या सर्वांनाच, माझे सांगणे आहे: पहिला रिपोर्ट पाठवण्याआधी त्या पत्त्यावर एक कोड पाठवा आणि पेशंटकडून तो वदवून घ्या. फाइलला पासवर्ड लावा, पण नावाची चार अक्षरे आणि जन्मसाल असला नको; नाव तर मेलवरच असते आणि वय मेलच्या विषयाच्या ओळीतही लिहून येते. पेशंटच्या हातातल्या पावतीचा नंबर ठेवा. सूचना मराठीत, मेलच्या सुरुवातीला लिहा, आणि तिच्यासोबत जिथे माणूस उत्तर देईल असा फोन नंबर द्या. कोणी चूक कळवली तर पत्ता त्याच दिवशी बदला आणि पेशंटला स्वतः फोन करा.

वाचकांनीही काउंटरवर मेलचा पत्ता तोंडी सांगून निघून येऊ नये. क्लार्कने काय टाइप केले ते स्क्रीनवर बघावे.

पत्राखाली माझे नाव छापू नये ही विनंती. ते छापले तर त्या नावाच्या घरातल्या आजारपणाची चर्चा गावात सुरू होईल.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, सांगली जिल्हा