डुप्लिकेट ब्रेक पॅड आणि घाटातला उतार

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात आंबा घाट उतरताना आमच्या दादाच्या गाडीचा ब्रेक लागेचना, पेडल दाबलं की नुसता करकर आवाज आणि जळका वास, मागे वहिनी आणि दोन पोरं, नशीब की दुसऱ्या गिअरवर गाडी हळूहळू आवरली. मेकॅनिकने चाक खोललं तर पॅडचं लायनिंग लोखंडी पत्र्यापासून सुटून आलेलं, बसवून दोन महिनेही झाले नव्हते! बॉक्स हुबेहूब ओरिजिनल, फक्त छपाई जरा फिकी आणि पॅडवर पार्ट नंबरच नाही. बिल मागितलंच नव्हतं, त्यामुळे दुकानदाराने सरळ हात वर केले.

नकली ट्रेडमार्कचा माल विकला तर १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, पण धाडी पडतात कधी? पोलिसांनी दुकानांपेक्षा जिथे हे बॉक्स छापले जातात तिथे जावं असं मला वाटतं, कारण मूळ तिथेच आहे.

आपणही जीएसटीचं पक्कं बिल घ्या, पार्ट नंबर जुळवून बघा, जुना पार्ट आणि बॉक्स गॅरेजमध्ये सोडू नका, ऑइलचा रिकामा डबा तर भोक पाडूनच टाका, त्यातच परत भेसळ भरून विकतात. फसलात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, आम्ही केलीये.

– एक वाचक, कोल्हापूर