एडिंबराहून घरी पत्र

एडिंबरा,
फेब्रुवारी २०२६

ती. बाबा, आई आणि आजी यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा काही विचारतात, मी "सगळं ठीक आहे" म्हणते आणि तेवढ्यात फोन आईच्या हातात जातो. म्हणून या वेळी सविस्तर लिहूनच पाठवते आहे. दादाने हे छापून आणावं आणि आजीला सावकाश वाचून दाखवावं, गाळून नाही.

तब्येत उत्तम आहे. डिसेंबरात इथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळायचा, त्याची आईने फार धास्ती घेतली होती. आता दिवस भराभर मोठा होतो आहे, पाचपर्यंत छान उजेड असतो. लॅबमधून रात्री एकटी येत नाही. आम्ही तिघीचौघी एकाच रस्त्याला राहतो, सोबतच निघतो. जेवणाचं काय, हे विचारू नका, रोज रात्री व्हिडिओवर ताट दाखवतेच.

बाबा, एका विषयात शंभरपैकी ६८ मार्क ऐकून तुम्ही गप्प झालात ते मला कळलं. इथे ७० च्या पुढे 'ए' श्रेणी सुरू होते, ६० ते ६९ म्हणजे 'बी'. ऐंशीच्या घरात जाणारे वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उत्तर बरोबर आलं की पूर्ण मार्क, अशी पद्धत नाही. ही पद्धत का निवडली, दुसरी का नाही, ती कुठे फसेल, हेही मांडावं लागतं. मी त्या विषयासाठी जीव तोडून अभ्यास केला होता आणि त्या ६८ चा मला अभिमान आहे. तुम्हीही चारचौघांत बिनधास्त सांगा.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: "हे एआयचं वारं उद्या ओसरलं तर?" कर्ज तुमच्या नावावर आहे, तेव्हा हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. याचं उत्तर मला पुस्तकात शोधावं लागलं नाही. ते वारं याच विद्यापीठात एकदा ओसरून गेलेलं आहे.

इथे एआयचा, म्हणजे यंत्राला शिकायला आणि विचार करायला लावण्याचा अभ्यास १९६३ मध्ये डोनाल्ड मिकी यांनी सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ब्लेचली पार्कमध्ये ते होते, कॉम्प्युटरशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंग यांचे मित्र. यंत्र स्वतःच्या अनुभवातून शिकू शकतं हे त्यांना दाखवायचं होतं, पण तसा कॉम्प्युटर हाताशी नव्हता. मग त्यांनी ३०४ काड्यापेट्या घेतल्या. (आजी, हे तुझ्यासाठी.) फुली-गोळ्याच्या डावात यंत्राची पाळी असताना पाटी जशी जशी दिसू शकते, त्या प्रत्येक वेगळ्या स्थितीसाठी एक काड्यापेटी (फिरवून सारख्याच दिसणाऱ्या स्थिती एकच धरायच्या). पेटीत रंगीत मणी, प्रत्येक रंग म्हणजे एक घर. पेटी हलवायची, जो मणी पुढे येईल त्या घरात खेळायचं. डाव जिंकला तर वापरलेल्या पेट्यांत त्याच रंगाचे आणखी मणी टाकायचे, हरला तर तो मणी काढून घ्यायचा. खेळत गेलं की वाईट चालींचे मणी संपत जातात आणि पेट्या चांगलं खेळू लागतात. कोणी त्यांना डावपेच शिकवलेले नसतात. आज मोठमोठी यंत्रं ज्या रीतीने खेळ शिकतात, तिच्या मुळाशी हीच कल्पना आहे. आजी, तुला हे समजलं असेल तर माझ्या एका विषयाचा गाभा तुला समजला, हे मी अगदी मनापासून सांगते.

पुढे त्यांनी फ्रेडी नावाचा रोबो केला. टेबलावर लाकडी तुकड्यांचा ढीग ओतला की तो कॅमेऱ्याने एकेक तुकडा ओळखून खेळण्यातली गाडी किंवा होडी जोडायचा. चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो ठेवला आहे. तिथे तिकीट नाही, त्यामुळे मी मनात येईल तेव्हा जाते. दिसायला ओबडधोबड आहे, पण सत्तरच्या दशकात असं काम करणारी यंत्रं जगात फार थोडी होती.

आणि मग १९७३ मध्ये सर जेम्स लाइटहिल या मोठ्या गणितज्ञाचा अहवाल आला. या क्षेत्राने जी आश्वासनं दिली ती पाळलेली नाहीत, असं त्यांनी सरकारी संशोधन मंडळाला लिहून दिलं. ब्रिटनमध्ये पैसा आटला, फ्रेडीचं काम काही वर्षांत बंद पडलं. बाबा, तुम्ही ज्याला घाबरता ते नेमकं हेच ना? आता पुढचं ऐका. त्याच काळात जेफ्री हिंटन नावाचा विद्यार्थी इथे पीएच.डी. करत होता. त्याला न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या शिकणाऱ्या यंत्रावर, काम करायचं होतं. त्या कल्पनेवर तेव्हा फारसा कोणाचा विश्वास उरला नव्हता, त्याच्या मार्गदर्शकांचंही मन दुसऱ्या वाटेकडे वळलेलं होतं. त्याने विषय सोडला नाही. १९७८ मध्ये पदवी घेतली, देश बदलले, काम तेच ठेवलं. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर त्याला मिळालं ते याच कामासाठी. २००२ च्या डिसेंबरात इथल्या कॉवगेट रस्त्यावरच्या आगीत इथलं एआयचं ग्रंथालय जळालं, तेव्हाही विभाग बंद पडला नाही. म्हणून मला ओसरण्याची भीती वाटत नाही. पैसा येतो-जातो. ज्यांना विषय खरोखर येतो त्यांना काम मिळत राहतं, आणि मी तो खरोखर शिकते आहे.

तुमच्यापासून काही लपवायचं नाही म्हणून हेही लिहिते, की याच हिंटन यांनी २०२३ मध्ये गूगल सोडलं, या तंत्राच्या धोक्यांबद्दल मोकळेपणाने बोलता यावं म्हणून. पेपरात तुम्ही वाचता त्या साऱ्या बातम्या खोट्या नाहीत. नोकऱ्या बदलणार आहेत. पण मी नुसतं प्रोग्राम लिहायला शिकत नाही. अर्ध्याहून जास्त वेळ संभाव्यता, मॅट्रिक्सचं गणित आणि चूक कशी मोजायची यात जातो. नवा पुरावा हाती आला की आधीचा अंदाज कसा बदलायचा हे सांगणारा, ज्यांच्या नावाचा सिद्धांत आम्ही रोज वापरतो, ते थॉमस बेझ १७१९ मध्ये याच विद्यापीठात विद्यार्थी होते. तो सिद्धांत त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला आणि आजही तसाच कामी येतो. असं शिक्षण चार वर्षांत शिळं होत नाही.

आता आजीचं काम.

माझ्या प्रबंधाचा विषय ठरतो आहे: वयस्कर माणसांचं मराठी बोलणं यंत्राला नीट लिहून घेता यावं. आवाजाच्या तंत्रावर काम करणारं केंद्र इथे १९८४ पासून आहे, आणि मला इथे यायचं होतं त्याचं ते एक मोठं कारण होतं. यंत्रांना शिकवायला जे आवाज वापरतात ते बहुतेक तरुणांचे, स्पष्ट, वाचून दाखवलेले असतात. म्हातारं माणूस बोलताना थांबतं, वाक्य अर्ध्यात सोडतं, आवाज कापतो, आणि यंत्र गडबडतं. चूक मोजायची रीत सोपी आहे. माणसाने ऐकून लिहिलेला मजकूर आणि यंत्राचा मजकूर शेजारी ठेवायचा. किती शब्द चुकीचे, किती गाळले, किती मनाने घातले, याची बेरीज करून एकूण शब्दांनी भागायचं. यंत्राने मनाचे शब्द फार घातले तर चूक शंभर टक्क्यांच्या वर जाते! आठ कोटींवर माणसं बोलतात त्या भाषेतल्या आजी-आजोबांना फोनवर बोलून गॅस नोंदवता येऊ नये, हे मला पटत नाही. मला हे काम करायचंच आहे.

त्यासाठी आजीचा आवाज हवा. आणि इथे एक अशी रीत आहे की तुम्हाला ऐकून नवल वाटेल, मलाही वाटलं. स्वतःच्या आजीचा आवाज रेकॉर्ड करायलाही इथे आधी समितीची परवानगी लागते. हो, समितीची. कुठल्याही माणसाकडून संशोधनासाठी काही घ्यायचं असेल, आवाज, फोटो, नुसती चार उत्तरंसुद्धा, तर आधी अर्ज करायचा. त्यात लिहायचं: काय विचारणार, किती वेळ, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कोण ऐकणार, कधी पुसणार. आवाजावरून माणूस ओळखता येतो म्हणून कायद्याने तो त्या माणसाचा खाजगी ऐवज. मग एक माहितीपत्रक, तेही आजीला कळेल अशा मराठीत. मग संमतीपत्र. त्यात प्रत्येक वाक्यापुढे वेगळी खूण: मी हे वाचलं आहे किंवा मला वाचून दाखवलं आहे, मला प्रश्न विचारता आले, मी माझ्या खुशीने भाग घेते आहे, मी मधेच नाही म्हणू शकते आणि त्याचं कारण मला द्यावं लागणार नाही. खाली सही. सही जमत नसेल तर तोंडी होकार रेकॉर्ड केला तरी चालतो.

बाबा म्हणतील, घरच्या माणसाला हा सोपस्कार कशाला? मीही हेच विचारलं. त्यावर मला उलट प्रश्न आला: "तुमची आजी तुम्हाला नाही म्हणू शकेल का?" मी म्हटलं, ती मला कशालाच नाही म्हणणार नाही. "मग तिचा होकार मोजायचा कसा?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही. नात आहे, दूर आहे, शिकते आहे, म्हणून आजी दुखत असतानाही तासभर बोलत बसेल. म्हणून असं ठरलं की तिला मी विचारायचंच नाही. घराबाहेरचं, तिच्या ओळखीचं कोणीतरी तिला पत्रक वाचून दाखवेल, त्या वेळी घरातलं कोणी समोर बसणार नाही, आणि दोन दिवस जाऊ दिल्यावरच तिचं उत्तर घ्यायचं. आजी, नको वाटलं तर खरंच नको म्हण. माझं काही अडत नाही, दुसरे आवाज मिळतील. आणि हो म्हणालीस तर जुन्या गोष्टी सांग, विहिरीची, धान्याच्या पेवाची, तुझ्या मनाला येईल ती. घाई करू नकोस, थांबलीस तरी चालेल. थांबणंच मला हवं आहे.

तो अर्ज भरताना आईची फार आठवण आली. कर्जाच्या कागदांवर जिथे बोट दाखवलं गेलं तिथे तिने सह्या केल्या. मधेच नाही म्हणायची ओळ त्यात कुठे नव्हती.

म्हणून आई, आता तुझं. गुडघ्याचं ऑपरेशन माझी नोकरी लागेपर्यंत थांबवायचं हे तू आणि बाबांनी परस्पर ठरवलंत, मला दादाकडून कळलं. ते थांबवू नकोस. शिकत असताना हप्ते नाहीत, फक्त व्याज चढतं, आणि त्याला मी हातभार लावणार आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना लॅबमध्ये मदत करायचं काम मला मिळालं आहे. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांहून जास्त काम करायला व्हिसा देत नाही, आणि मी त्याहून खूपच कमी करते, अभ्यासाला धक्का लागत नाही. मार्चपासून दर महिन्याला थोडे पैसे पाठवेन. बाबा, ते परत पाठवू नका. नोकरीचंही सांगून ठेवते. शिक्षण झाल्यावर इथे राहून काम करायचा व्हिसा सध्या दोन वर्षांचा मिळतो, जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचा होणार आहे. माझा प्रबंध ऑगस्टमध्ये जाईल, निकाल लागला की अर्ज या वर्षातच करायचा प्रयत्न आहे. तारखा मी वहीत लिहून ठेवल्या आहेत, तुम्ही एजंटला विचारायला जाऊ नका.

दादा, मेमधला मुहूर्त माझ्यासाठी पुढे ढकलायचा नाही. तू तसं सुचवलंस म्हणे, आणि वहिनींच्या घरचेही तयार झाले. इथल्या परीक्षा एप्रिलअखेरीपासून मेअखेरीपर्यंत आहेत, मग लगेच प्रबंध. मला येता येणार नाही. हे लिहायला मी या पत्राच्या शेवटापर्यंत थांबले, कारण आधी लिहिलं असतं तर बाकी काही तुम्ही वाचलं नसतं. पण हॉल मिळालाय, तिथी चांगली आहे, वहिनींच्या आजोबांचं वय झालंय. लग्न मेमध्येच होऊ दे. करवलीचा मान चुलत बहिणीला द्या, ती नीट करेल. मी पहाटे उठून व्हिडिओवर असेनच, मात्र अक्षता पडताना फोन कोणीतरी स्थिर धरा. वहिनींना सांग, मी आल्यावर त्यांच्याशी दोन दिवस नुसत्या गप्पा मारणार आहे.

आणि मावशीने आणलेलं स्थळ. मुलगा चांगला असेल, मावशी वाईट स्थळ आणणारच नाही. पण माझा बायोडेटा आणि फोटो अजून कोणाला देऊ नका. हा नकार नाही, आई, रागावू नकोस. प्रबंध होऊ दे, नोकरीचं कळू दे, मग मी स्वतः बोलेन, मावशीशीसुद्धा. तोवर कोणी विचारलं तर मुलगी शिकते आहे एवढंच सांगा.

डॉक्टरांची तारीख घेतली की मला कळवा. मी दादाला विचारणारच आहे, पण आई, ते तू सांगावंस.

आजीला, बाबांना आणि तुला नमस्कार. दादाला आशीर्वाद मागते, द्यायला तो अजून मोठा आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, काड्यापेट्यांचं ते यंत्र शेजारच्या मुलांना करून दाखवायचं असेल तर ३०४ पेट्या लागत नाहीत. सहा प्याद्यांचा छोटा खेळ घेतला तर दोन डझनांच्या आसपास पेट्यांत भागतं. मणी आईच्या शिवणाच्या डब्यात आहेत.