आधी भिंत ओळखा, मग मशीन घ्या

महोदय,

ठाणे-नवी मुंबईत नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पडद्याचे रॉड, गिझर, टीव्ही लावायला घरोघरी नवे ड्रिल मशीन येते आणि चार दिवसांनी माळ्यावर जाते. मशीन विकत घ्यावे, भाड्याने आणावे की शेजारी मागावे, हे किमतीवरून ठरवू नये. ते भिंत ठरवते.

घोडबंदर रोड, खारघर, उलवे भागांतले बरेच टॉवर मायवान पद्धतीचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेले आहेत. त्यांच्या आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या असतात. जुन्या तीन-चार मजली इमारतींत बहुधा विटा. ओळखायचे तर दाराआड ६ मिमीचे एक भोक पाडून भुकटी पाहा. प्लास्टरचा पहिला अर्धा इंच सोडून द्या. त्यानंतर लाल भुकटी आली तर वीट, बिट (मशीनला लावायचे भोक पाडणारे पाते) लोण्यात शिरल्यासारखे जाऊन पिठासारखी पांढुरकी भुकटी आली तर एएसी ब्लॉक (हलकी, सच्छिद्र सिमेंटची वीट), आणि बिट जागचे हलेना तर काँक्रीट.

विटेला १३ मिमी चकचे, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडाचे, साधे हॅमर ड्रिल (फिरता फिरता ठोके देणारे मशीन) पुरते. एएसीत हॅमर बंद ठेवूनच भोक पाडावे, नाहीतर ते मोठे होऊन गिट्टी (भोकात बसवून स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) फिरत राहते. काँक्रीटमध्ये मात्र हे मशीन हरते. या मशीनमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका बसतो. तो हलका असतो, म्हणून माणूस अंगाचा भार टाकतो, बिटचे टोक लाल होते आणि धार जाते. दोष मशीनचा नसतो, निवड चुकलेली असते. तिथे एसडीएस प्लस बिटचा (खाचा असलेल्या दांड्याच्या बिटचा) रोटरी हॅमर हवा. त्यात पिस्टनने दाबलेली हवा ठोका देते, हाताने फक्त सरळ धरायचे. बिट अडून मशीन हिसका देऊ लागले तर सळई लागली समजा आणि भोक इंचभर सरकवा. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली तर भोक पाडूच नये, तिथून वायरचे पाइप गेलेले असतात.

रोटरी हॅमर घरटी विकत घेणे मला पटत नाही. तो एका दिवसासाठी भाड्याने आणावा, पण आदल्या दिवशी घरभर पेन्सिलने खुणा करून, ६ व ८ मिमीचे बिट आणि गिट्ट्या हाताशी ठेवून. तयारी नसली की भाड्याचा दिवस हार्डवेअरच्या दुकानाच्या फेऱ्यांत जातो. मशीन ताब्यात घेताना मिनिटभर चालवून पाहा. मागच्या फटींतून ठिणग्यांचे कडे दिसले तर कार्बन ब्रश (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे कोळशाचे तुकडे) संपत आलेले आहेत. दुसरे मशीन मागा. वायर हँडलमध्ये शिरते तिथे तडा आहे का, तेही पाहा.

हातोडी, पकड, पाना, टेस्टर, टेप आणि लेव्हल पट्टी घरात हव्यातच. नळ गळू लागल्यावर रात्री कुणाचे दार वाजवणार?

ग्राइंडर (फिरत्या चकतीने फरशी, लोखंड कापायचे मशीन) मात्र मागून आणू नये, ही माझी कळकळीची विनंती. मागून आणलेल्या ग्राइंडरला पुष्कळदा गार्ड, म्हणजे चकतीवरचे संरक्षक झाकण, नसतो आणि चकती किती जुनी, ते देणाऱ्यालाही ठाऊक नसते. चार इंची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. ओल धरलेली, पडून तडकलेली किंवा मुदत संपलेली चकती त्या वेगात फुटली तर तुकडा थेट तोंडावर येतो. मुदत चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली असते.

सोसायट्यांनी सर्वसाधारण सभेत ठराव करून एक रोटरी हॅमर, एक घडीची शिडी आणि जाड वायरचा एक्स्टेंशन बोर्ड कार्यालयात ठेवावा. मशीन सोसायटीचे, बिट ज्याचे त्याने आणायचे. झिजतो तो बिट आणि भांडणेही त्यावरूनच होतात. नोंदवहीत नेल्याची-आणल्याची वेळ लिहावी, परत घेताना मशीन समोर चालवून पाहावे. पेटीत ब्रशची एक जादा जोडी आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी असू द्यावी, कारण खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर या काळात लोखंडाला लगेच गंज धरतो.

— एक वाचक, ठाणे (प.)