सुविचाराखाली नाव टाकण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनअखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतील आणि प्रवेशद्वाराजवळचे सुविचाराचे फळे पुन्हा रोज लिहिले जातील. त्यामागोमाग 1 ऑगस्ट, 15 ऑगस्ट आणि ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो. तोवर नागपुरात बर्डीपासून दीक्षाभूमीपर्यंत थोरांच्या वचनांचे फलक लागलेले असतात. फळा लिहिणारे शिक्षक आणि फलक बनवून घेणारी मंडळे वचने घेतात ती बहुतांशी वर्तमानपत्रातून किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांतून. म्हणून ही विनंती आपल्याकडे. रोजच्या सुविचाराखाली नुसते नाव न देता वचन कधी, कुठे उच्चारले आणि कशात छापले आहे, याची एक छोटी ओळ द्यावी. ती मिळत नसेल तर वचन जरूर छापा, पण नाव काढून खाली ‘प्रचलित’ असे लिहा.

नागपूरकरांनी हा आग्रह धरायला जास्तच कारण आहे, कारण काही फार मोठी वाक्ये याच शहरात बोलली गेली आणि त्यांच्याखाली शहराचे नाव क्वचित दिसते. 18 ते 20 जुलै 1942 या दिवसांत मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली होती. ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज’ हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सल्ला तिथल्या भाषणाच्या अखेरीस आहे. त्याला लागूनच ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ हे शब्द येतात, आणि ही लढाई संपत्तीसाठी किंवा सत्तेसाठी नसून स्वातंत्र्यासाठी आहे, असे ते पुढे सांगतात. फलकावर तीन शब्द उरतात आणि तेही ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या क्रमाने. छापील भाषणात चळवळ दुसऱ्या जागी आणि संघटन तिसऱ्या जागी आहे. घोषणा म्हणून लोकांच्या तोंडी बसलेला क्रम कोणी बदलावा असे मी म्हणत नाही. पण अवतरणचिन्ह आणि तारीख घालायची, तर क्रम छापल्याप्रमाणेच हवा. शिवाय हे तीन शब्द 1880 च्या दशकात इंग्लंडमधल्या समाजवादी मंडळींच्या पत्रकांवर होतेच. बाबासाहेबांनी त्यांना इथल्या लढ्याचा अर्थ दिला, त्यामुळे ‘हे शब्द प्रथम त्यांनी उच्चारले’ असे विधान टाळावे.

त्याच परिषदेला जोडून 20 जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली. ‘समाजाची प्रगती मी त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो’ हे 8 मार्चला सगळीकडे झळकणारे वाक्य तिथले. दोन्ही भाषणे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ‘लेखन आणि भाषणे’ या मालेत, इंग्रजी खंड 17, भाग 3 मध्ये आहेत. महिला दिनाच्या फलकावर ‘नागपूर, 20 जुलै 1942’ एवढे जरी लिहिले, तरी मुली ते वेगळ्या नजरेने वाचतील.

बाबासाहेबांच्या वचनांत तारखेची एक चूक नेहमीची आहे. संविधान कितीही चांगले असले तरी राबवणारे वाईट निघाले तर तेही वाईट ठरेल, आणि राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे दोन्ही विचार संविधान सभेतल्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणातले आहेत. फलकावर 26 नोव्हेंबर पडते, कारण संविधान दिन तोच. सभेच्या कामकाजाचा अकरावा खंड उघडला की शंका मिटते. बाबासाहेबांच्या मालेत तेच भाषण खंड 13 मध्ये सापडते.

चुकीच्या तारखेपेक्षा अर्धे कापलेले वाक्य अधिक नुकसान करते. 2 सप्टेंबर 1953 रोजी राज्यसभेत बाबासाहेब म्हणाले, की संविधान जाळणारा पहिला माणूस मी असेन. एवढाच तुकडा काढून फिरवला जातो. तिथेच पुढे अल्पसंख्याकांकडे बहुसंख्याकांना दुर्लक्ष करता येणार नाही, हा मुद्दा आहे. 19 मार्च 1955 ला त्याच सभागृहात त्यांना याबद्दल विचारले गेले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर असे: देवासाठी देऊळ बांधले, पण देवाची स्थापना होण्याआधीच सैतानाने त्याचा ताबा घेतला, मग देऊळ पाडण्यावाचून दुसरे काय करणार? हे दोन्ही प्रसंग खंड 15 मध्ये आहेत. पहिला तुकडा छापणाऱ्याने दुसऱ्या तारखेचे पान उघडायलाच हवे.

विनोबांच्या बाबतीत तर कापणी आणखी खोल झाली, आणि तीही आपल्या जवळच, पवनारला. 25 डिसेंबर 1974 पासून विनोबांचे वर्षभराचे मौन होते. मधेच आणीबाणी आली आणि ‘अनुशासन पर्व’ हे त्यांचे दोन शब्द सरकारी प्रचारात भिंतीभिंतीवर रंगवले गेले. मौन सुटल्यावर त्यांनी फोड करून सांगितली: शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे असते. मूळ शब्द महाभारतातल्या एका पर्वाचे नाव आहे. दोन शब्दांचे वचन ज्याला त्याला हवे तिकडे वळवता येते, म्हणून दोन-तीन शब्दांच्या अवतरणाखाली पुढचे-मागचे एक वाक्य तरी असावे. विनोबांची गीतेवरची प्रवचने मात्र निर्धास्तपणे उद्धृत करता येतात. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात ती होत असताना साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते.

कोणी आणि केव्हा लिहून घेतले, यावरच वचनाचा भरवसा ठरतो. 22 जुलै 1908 ला राजद्रोहाच्या खटल्यात निकालानंतर लोकमान्यांनी काढलेले, माणसांच्या न्यायासनाहून श्रेष्ठ शक्ती आहे असे सांगणारे उद्गार न्यायालयातच नोंदले गेले. मुंबई उच्च न्यायालयात ते संगमरवरावर कोरले आहेत. हा भक्कम पुरावा. याच्या अगदी उलट टोकाला ‘गड आला पण सिंह गेला’ आहे. तानाजी मालुसरे पडले फेब्रुवारी 1670 मध्ये. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी जिंजीला बसून कृष्णाजी अनंत सभासदांनी बखर लिहिली. तिच्यात महाराजांच्या तोंडी ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ असे शब्द आहेत. सिंहाचे वाक्य घरोघरी पोचवले ते हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीने. वाक्य सुंदर आहे, मुलांना ते शिकवावेच. पण इतिहासाच्या फलकावर सभासदाचे शब्द द्यावेत आणि खाली ‘सभासद बखर’ असे लिहावे. मला तर बखरीतले वाक्यच जास्त भिडते. तानाजी स्वतःच एक गड होता, हे त्यात न सांगताच कळते.

संतवचनांची अडचण निराळी. तुकोबांच्या गाथ्याच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते, पण ती पहिल्या चरणाची. ‘शब्दचि आमुच्या जीवाचे जीवन’ शोधायला ‘श’ उघडला तर काही मिळणार नाही, कारण तो अभंग ‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें’ असा सुरू होतो. आठवते ती ओळ पुष्कळदा मधलीच असते. अशा वेळी आधी पहिला चरण कीर्तनकाराला किंवा मराठीच्या शिक्षकाला विचारावा आणि मग सूचीकडे वळावे. अभंगांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून शासकीय गाथा की दुसरी प्रत, हे क्रमांकासोबत लिहिणे भाग आहे. दासबोधाला हा त्रास नाही. दशक, समास, ओवी सांगितली की वाचक थेट ओळीवर पोचतो: ‘आधी प्रपंच करावा नेटका’ म्हणजे दशक 12, समास 1, ओवी 1. ग्रामगीतेतही अध्याय आणि ओवीचा क्रमांक पुरतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने फिरणाऱ्या ओव्या तपासायला एकेचाळीस अध्यायांचे ते पुस्तक इथल्या पुष्कळ घरांत असतेच. श्रद्धांजलीच्या जाहिरातीत समर्थांचे नाव द्यायचे असेल, तर मनाच्या श्लोकांतला आठवा श्लोक घ्यावा: ‘देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी’.

गाडगेबाबांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांची वाक्ये ऐकणाऱ्यांनी टिपलेली आहेत. 8 नोव्हेंबर 1956 च्या वांद्र्यातल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण मात्र उपलब्ध आहे. बाबांची भाषा, प्रश्न विचारून श्रोत्यांकडून उत्तर वदवून घेण्याची रीत त्यात कानाने ऐकता येते. ते एकदा ऐकले की त्यांच्या नावावरची गुळगुळीत, पुस्तकी वाक्ये लगेच वेगळी पडतात.

जोतीराव फुल्यांच्या ‘विद्येविना मती गेली’ या ओळी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभी आहेत. पुष्कळ फळ्यांवर ‘वित्ताविना शूद्र खचले’ एवढीच ओळ गाळलेली असते. सगळी साखळी जिथे येऊन पोचते तीच ओळ गेली, तर अविद्येने कोणाचे अनर्थ केले तेच कळत नाही. जागा कमी असेल तर दुसरे वचन घ्या, पण ही ओळ तोडू नका.

काही नावे नुसत्या सवयीने चिकटली आहेत. ‘सरफरोशी की तमन्ना’ ही गझल पाटण्याच्या बिस्मिल अज़ीमाबादींची. रामप्रसाद बिस्मिल यांनी ती अमर केली आणि टोपणनाव सारखे असल्याने रचनाही त्यांचीच ठरली. ‘इन्किलाब जिंदाबाद’ ही घोषणा हसरत मोहानींनी 1921 मध्ये दिली, भगतसिंगांनी ती देशभर नेली. ‘उठा, जागे व्हा’ या विवेकानंदांच्या हाकेचे मूळ कठोपनिषदात आहे. ‘तुमचे म्हणणे मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण देईन’ हे व्होल्तेरचे म्हणून सांगतात, ते 1906 साली एव्हलिन बीट्रिस हॉल या लेखिकेने त्याचा विचार सांगताना लिहिले. गांधीजींवर तर फार ओझे लादले आहे. बँकांच्या काउंटरवर आणि दुकानांत फ्रेम करून लावलेले ‘ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा’ हे वाक्य त्यांच्या लेखनात मिळत नाही. ‘जगात जो बदल हवा तो स्वतः व्हा’ हेही त्या रूपात नाही. जवळचा विचार 1913 च्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये आहे: आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाची वृत्तीही बदलेल. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे शंभर खंड आहेत. मात्र पुढे निघालेल्या सुधारित आवृत्तीत खंडांची व पानांची रचना बदलली आणि काही मजकूर गळाल्यामुळे ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. म्हणून खंड-पान लिहिताना जुनी मूळ आवृत्तीच धरावी.

तपासणी कशी करावी? वचन हाती आले की जसेच्या तसे, नावासकट, कागदावर उतरवून घ्यावे. त्यातला सगळ्यात वेगळा शब्द निवडावा आणि त्यावरून विषयसूची पाहावी. सुरुवातीचे शब्द तोंडातोंडी सगळ्यात जास्त बदलतात, त्यांच्यावर विसंबू नये. मग भाषा पाहावी. सतराव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी ‘सकारात्मक’, ‘व्यक्तिमत्त्व’ असे शब्द आले तर वाक्य अलीकडचे आहे. त्यानंतर तारीख: त्या दिवशी तो माणूस त्या गावी होता का? शेवटी पुस्तकाच्या पानाचा फोटो घ्यावा, आणि मुखपृष्ठामागच्या, आवृत्ती व साल दिलेल्या पानाचाही. दुसरा फोटो घ्यायचा राहिला की पान क्रमांक निरुपयोगी होतो. सुविचारांच्या संकलनाला पुरावा मानू नये, कारण अशी पुस्तके एकमेकांवरून उतरवलेली असतात. नागपुरात यासाठी धडपड करावी लागत नाही. बाबासाहेबांचे खंड शासकीय ग्रंथागारात आणि दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या दुकानांत पाहता येतात. जुने मराठी ग्रंथ विदर्भ साहित्य संघाच्या आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयांत मिळतात.

वचन बरोबर असूनही फलकावर बिघडते, तेही सांगायला हवे. मोबाइलवरचा युनिकोड मजकूर डीटीपी करणारे जुन्या फॉन्टमध्ये उतरवतात तेव्हा रफार सरकतो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, ‘जन्मसिद्ध’मधला ‘द्ध’ फुटतो. शब्दांची शंका नको असेल तर मजकूर पुन्हा टाइप करून घ्यावा आणि प्रूफ मोबाइलच्या छोट्या पडद्यावर न पाहता दुकानातल्या मॉनिटरवर, मूळ पानाच्या फोटोशेजारी ठेवून, अक्षर-अक्षर जुळवावे. संदर्भाची ओळ फार बारीक करू नये. एक इंच उंचीचे अक्षर साधारण दहा फुटांवरून नीट वाचता येते. फलक चौकात पंधरा फुटांवरून वाचला जाणार असेल तर दीड इंच ठेवावे. ही ओळ शुभेच्छुकांच्या फोटोंखाली जाऊ नये, वचनाला लागूनच असावी.

1 ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी येते. त्या दिवशीच्या अंकापासून ही पद्धत सुरू करता येईल. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क’ यासोबत 1908 च्या खटल्याचे चित्र लावू नये, तो हक्काचा घोष होमरूलच्या दौऱ्यांतला, 1916 पासूनचा आहे. अण्णा भाऊंसाठी ओळ अशी चालेल: ‘पृथ्वी ही शेषनागाच्या मस्तकावर तरली नसून ती दलित, श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे. — अण्णा भाऊ साठे, पहिले दलित साहित्य संमेलन, मुंबई, 2 मार्च 1958.’ स्तंभात फक्त एक ओळ वाढते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपण वाचकांकडून पानाच्या फोटोसह वचने मागवली, तर ऑगस्टचा महिनाभर पुरेल इतका मजकूर शहरातल्या शाळा आणि वाचनालयेच पाठवतील.

आपला विश्वासू,
एक ग्रंथपाल, धंतोली, नागपूर