गुरुवारच्या आत सांग

प्रिय ठमे,

तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजला मी नुसता अंगठा पाठवला आणि गडप झाले. त्याचं काय ते नंतर ऐकून घेईन. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. लिहायला बसलेय ती एका मुलीपायी. नाव-गाव विचारू नकोस, थोडे तपशीलही बदललेत.

बारा वर्षांची पोर. शाळेने आमच्या अर्ली हेल्पकडे (अडचण वाढायच्या आत घरच्यांना मदत करणारा विभाग) पाठवली, कारण हजेरी. इंग्लंडात दिवसाची दोन सत्रं धरतात आणि दहा टक्के सत्रं बुडाली की मूल ‘सतत गैरहजर’. गंमत म्हणजे ही बहुतेक रोज शाळेत यायची! पण रजिस्टर बंद झाल्यावर पोचलं की ‘यू’ असा शेरा पडतो आणि ते सत्र गैरहजेरीत जमा. दहा आठवड्यांत अशी विनापरवानगी दहा सत्रं झाली की दंडाची भाषा सुरू. 2024 च्या ऑगस्टपासून एका मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड, 21 दिवसांत भरले नाहीत तर 160.

उशीर का होतो, हे कुणी विचारलंच नव्हतं. आईचे सांधे सकाळी इतके आखडतात की उठता येत नाही. ही तिला उठवते, कपडे घालते, धाकट्याला त्याच्या शाळेत सोडते, मग स्वतःची बस पकडते. पहिल्याच भेटीत मला म्हणाली, “तुम्ही आम्हाला घेऊन जाणार का?” मी म्हटलं, अगं, मी फॉर्म भरणारी बाई आहे, माझ्या गाडीत फाइलींनाच जागा नाही. हसली. आई नाही हसली.

मग दंड थांबवून घेतला, धाकट्याला ब्रेकफास्ट क्लब मिळवला, आईच्या अपंगत्व भत्त्याचा तो जाडजूड फॉर्म तिच्याशेजारी बसून भरला. ‘यू’ कमी व्हायला लागले. आणि मग शाळेत सगळ्यांची बैठक झाली. टेबलाभोवती शिक्षिका, नर्स, हजेरीवाला, मी आणि कोपऱ्यात आई. कुणीतरी कागदावरून वाचलं, “मुलगी आईला आंघोळ घालते.” मोठ्याने, वाणसामानाची यादी वाचावी तसं. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, आता नको, बंद करा.

आईने एकदा नको म्हटलं, तर आम्हाला बंद करावंच लागतं. आमचं सगळं काम घरच्यांच्या संमतीवर चालतं. संमती नसताना चौकशी करायची तर मुलाला गंभीर इजा होतेय किंवा होईल असा रास्त संशय हवा. ते 1989 च्या कायद्यातलं 47 वं कलम. इथे तसलं काही नाही गं. पोर जेवते, दंगा करते, आईवर जीव टाकते. शाळेतली सेफगार्डिंगवाली, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं बघणारी, म्हणते, वर बालसंरक्षणवाल्यांना कळवून टाक, आपण सुटलो. हे ‘आपण सुटलो’ माझ्या डोक्यात जातं. वरचे बघतील, बहुधा आमच्याकडेच परत पाठवतील आणि तोवर आईने दाराला आतून कडी घातलेली असेल.

एक वाट आहे. घरचं आजारपण सांभाळणाऱ्या मुलांना इथे यंग केअरर म्हणतात. 2014 च्या कायद्याने त्यांच्या स्वतःच्या गरजा तपासून घेण्याचा हक्क त्यांना मिळाला. त्यात मुलीला काय हवं ते बघायचं असतं, आईची परीक्षा नसते. गुरुवारी निरोपाची भेट आहे, तेव्हा हे आईच्या गळी उतरवायचंय.

इथे तू लागतेस. तुझ्या घरचं मी गणिताच्या बाईंना सांगितलं म्हणून तू सातवीभर माझ्याशी बोलली नाहीस (आणि कंपासपेटीही ठेवून घेतलीस, ते वेगळंच). मी आजही म्हणते, सांगायलाच हवं होतं. बाई आल्या नसत्या तर तू चुलीशीच राहिली असतीस. तू आजही म्हणतेस, काकूंनी त्यानंतर बाईंसमोर मान वर केली नाही. ते भांडण राहू दे चालू, मला मजा येते. पण एक कधीच विचारलं नाही. बाईंनी आत येऊन काय बोलायला हवं होतं? आधी काकूंशी की आधी तुझ्याशी? तुला बाहेर पाठवून की तुझ्यासमोर? मला ते अगदी शब्दात हवंय. आमच्या ट्रेनिंगमध्ये ‘विश्वास निर्माण करा’ एवढंच सांगतात, पुढे चहा-बिस्किटं.

बाकी, बदलीचं काय झालं? दाद्याचं जमलं का, की यंदाही पत्रिकाच बघतोय? काकूंना माझा नमस्कार सांग, पण हे पत्र वाचून दाखवू नकोस.

बुधवारी रात्री फोन कर. मी जागी आहे.

तुझी,
चोंबडी