परवाना नसलेले ते दोघे

महोदय,

अमेरिकेतून हद्दपार होणाऱ्यांविषयी आपल्या सदरात सध्या बरीच पत्रे येत आहेत. 'कागदपत्रे नाहीत तर परत जावे, चर्चने मध्ये तोंड घालायचे कारणच काय?' असा त्यांचा एकूण सूर. फेब्रुवारी 2025 मध्ये 104 भारतीयांना घेऊन लष्करी विमान अमृतसरला उतरले, त्यांच्या हातापायांतल्या बेड्यांची बातमी आली आणि त्यांत तिघे महाराष्ट्राचे निघाले, तेव्हा मात्र याच सदरात सगळे हळहळले होते.

मी अहिल्यानगरचा मराठी ख्रिस्ती. आमच्या घराण्यात शुभवर्तमान आले ते अमेरिकन मराठी मिशनमुळे. या मिशनची सुरुवात कशी झाली, हे आमच्यातल्याही फार थोड्यांना ठाऊक असते. 1813 च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. उलट, देश सोडा असा हुकूम कलकत्त्यातच बजावला गेला होता. त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेले, म्हणजे हे शत्रुराष्ट्राचे नागरिक. त्यांना जहाजाने इंग्लंडला रवाना करायचे ठरले, तेव्हा दोघे गुपचूप निसटले. कोचीनपर्यंत पोहोचले आणि तिथून त्यांना परत आणण्यात आले. आजच्या भाषेत बेकायदा घुसखोर, वर फरारी!

त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना विनंतीपत्र लिहिले आणि त्यांच्यातल्या ख्रिस्ती माणसालाच साद घातली. कायदा पूर्णपणे नेपियन यांच्या बाजूने होता. तरीही त्यांनी या दोघांना जहाजावर चढवले नाही. हॉल 1826 मध्ये मरेपर्यंत याच मुलखात राबले. 1831 मध्ये मिशन नगरला आले, मागोमाग शाळा आल्या. माझी आजी त्यांतल्याच एका शाळेत अक्षर ओळखायला शिकली.

म्हणून 'अधिकाऱ्यांच्या अधीन असा' हे बायबलातल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातले वचन कोणी पुढे केले की मला हॉल-नॉट आठवतात. 2018 मध्ये सीमेवर लेकरे आईबापांपासून तोडली जात होती, तेव्हा अमेरिकेचे तत्कालीन ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी याच अध्यायाचा दाखला दिला होता. त्याच पत्रात एक पान मागे, आतिथ्य करण्यात तत्पर असा, हेही पौलाने लिहिले आहे. तेवढे पान उलटायचे राहून गेले असावे.

गेल्या वर्षी मुलीकडे कॅलिफोर्नियात होतो. तिच्या चर्चमधल्या बाया आळीपाळीने इमिग्रेशन कोर्टात जाऊन बसतात. एकदा मीही गेलो. वकिली कोणी करत नाही, घोषणा नाहीत. सुनावणीला आलेल्या माणसाशेजारी नुसते बसायचे. बाहेर बोळात तोंडावर फडकी बांधलेले अधिकारी उभे. आत जाण्यापूर्वी एका माणसाने, असेल पस्तिशीचा, आमच्यातल्या आजीबाईंच्या हातात गाडीची किल्ली ठेवली आणि कागदावर बायकोचा नंबर लिहून दिला. मी धरला गेलो तर गाडी घरी पोहोचवा, मागच्या सीटवर मुलाचे दप्तर आहे, एवढेच म्हणाला. आजींनी किल्ली पर्समध्ये टाकली. तासाभराने तो बाहेर आला आणि किल्ली परत घेऊन गेला. पुढच्या तारखेला काय झाले, ते मला कळले नाही.

अमेरिकेतले सगळे ख्रिस्ती असे नाहीत, हे मान्य. गोऱ्या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट मंडळींतल्या बहुतेकांनी मते दिली ती हद्दपारीचे आश्वासन देणाऱ्यालाच. पण नोव्हेंबर 2025 मध्ये तिथल्या कॅथलिक बिशपांनी सरसकट हद्दपारीविरुद्ध संदेश काढला, तो 216 विरुद्ध 5 मतांनी. सान दिएगोचे बिशप मायकल फाम तर 20 जून 2025 ला, जागतिक निर्वासित दिनी, स्वतः इमिग्रेशन कोर्टात जाऊन उभे राहिले. ते लहानपणी व्हिएतनाममधून निर्वासित म्हणूनच आले होते. हे मध्ये तोंड घालणे असेल, तर नेपियन यांनीही तेच केले होते.

आमच्या मंडळीत हंगामाच्या सणाला मिशनऱ्यांसाठी आभाराची प्रार्थना होते. यंदा त्या यादीत गव्हर्नरसाहेबांचेही नाव घ्या, असे मी पाळकसाहेबांना सुचवले आहे.

— एक जुना वाचक, अहिल्यानगर