चिठ्ठी टाकून बाजू ठरवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

चंद्रपुरातील आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळासाठी आपण निवृत्तीनंतरचा एवढा वेळ दिलात, त्याबद्दल खासगीत आभार मानून भागणार नाही. आपण ज्या शहराला सभागृहात श्रोता म्हणून बोलावलेत, त्याच्यासमोरच ते मानावेत, म्हणून हे जाहीर पत्र.

आपण येण्यापूर्वी आमच्याकडे ‘पर्यावरण रक्षण : काळाची गरज’ अशा विषयांवर वक्तृत्व स्पर्धा होत असत. या विषयाला विरोधी बाजूच नसल्यामुळे मुले दोन कविता आणि एक सुभाषित पाठ करून येत, परीक्षक आवाजातील चढउतारांना गुण देत आणि ढाल कपाटात जाई. आपण पहिल्याच बैठकीत ठराव मांडलात तो असा : ‘निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० पर्यंत थांबणे भारताला परवडणारे नाही.’ जेवढे हरितगृह वायू सोडले जातील तेवढेच शोषले जावेत, या उद्दिष्टासाठी पंतप्रधानांनी २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाहीर केलेले हे वर्ष मुलांना सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून ठाऊक होते. ते योग्य की अयोग्य, हे मात्र त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यातच कोणी कोणत्या बाजूने बोलायचे, हे आपण चिठ्ठ्या टाकून ठरवलेत, तेव्हा काही पालक माझ्याकडे तक्रार घेऊन आले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

जिचे वडील वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या) कोळसा खाणीत कामाला आहेत, त्या विद्यार्थिनीच्या वाट्याला ठरावाची बाजू आली आणि वृक्षारोपणात सदैव पुढे असणाऱ्या विद्यार्थ्याला विरोधात उभे राहावे लागले. त्याने १९९२ च्या रिओ परिषदेतील ‘समान, परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ (जबाबदारी सर्वच देशांची, पण श्रीमंत देशांची अधिक) हे तत्त्व शोधून काढले. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड, तर अमेरिकी माणसामागे त्याच्या सहापटींहून अधिक, हा हिशेब मांडला. आणि २,९२० मेगावॉटच्या आपल्या महाऔष्णिक विद्युत केंद्रावर ट्रकचालकापासून टपरीवाल्यापर्यंत किती जणांची चूल अवलंबून आहे, याकडे लक्ष वेधले. तिने त्याचा एकही आकडा नाकारला नाही. खाण एक ना एक दिवस बंद होणारच आहे. मग कामगारांच्या मुलांसाठी दुसऱ्या रोजगाराची तयारी आज का सुरू करू नये, असा तिचा सवाल होता. माझ्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच होता, आणि तो तिला घरातूनच मिळाला होता.

सभेपूर्वी आणि सभेनंतर अशी दोनदा श्रोत्यांची मते घेण्याची आपली पद्धत आम्हाला नवी होती. ठराव फेटाळला गेला. तरीही मते बदललेल्यांपैकी बहुतेक जण ठरावाच्या बाजूला आले होते, हे आपण निकालाइतक्याच ठळकपणे जाहीर केलेत. त्याहून अधिक ऋण मी मानते ते प्रश्नोत्तरांच्या वेळचे. सौर प्रकल्पात आपल्या मुलाला कायमची नोकरी मिळेल का, असे एका खाण कामगाराने विचारले, तेव्हा दोन्ही बाजूंचे वक्ते अडखळले. कोणी तरी ‘उज्ज्वल भविष्य’ वगैरे सुरू करताच आपण अध्यक्षस्थानावरून त्याला थांबवलेत आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट सांगून ते पुढच्या सभेला शोधून आणण्यास बजावलेत. त्यानंतरचे काही आठवडे ही मुले आयटीआयमध्ये, कामगार संघटनेच्या कार्यालयात आणि सौर पॅनेल बसवणाऱ्या कंत्राटदारांकडे चौकशी करत फिरत होती. गुणांसाठी कोणी एवढी पायपीट करत नाही.

यंदाचा ठराव मुलांनी स्वतः निवडला आहे. हवामान बदलाची झळ बसलेल्या गरीब देशांच्या भरपाईसाठी २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे मान्य झालेल्या निधीत भारतानेही पैसे घालावेत का, यावर त्यांना वाद घालायचा आहे. चिठ्ठ्या त्यांनी तयार ठेवल्या आहेत. अध्यक्षपद आपणच स्वीकारावे, ही मंडळाच्या वतीने विनंती. आपल्या सोयीची तारीख कळवावी, म्हणजे सभागृहाची नोंदणी करता येईल.

आपली कृतज्ञ,
वादविवाद मंडळाची प्रभारी शिक्षिका